वाऱ्याची मिनिटं

लुंदॉय ते हेस्तनेस हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर एकशे अठरा किलोमीटर भरतं. पट्टीचं बरं असतं, तिला समुद्र आडवा येत नाही. माणसाला येतो. उत्तर नॉर्वेच्या त्या टोकाला जमीन अशी काही फाटलेली आहे, की वाटावं कुणी चिडून कागद टरकावला आणि मग वाईट वाटून तसाच ठेवून दिला. आधी बेटावरून फेरीबोट, मग डोंगरात लांबवर घुसलेल्या समुद्राच्या तीन जिभांना वळसे घालत जाणारा रस्ता, आणि मध्ये एक घाट, जो हिवाळ्यात मनाला येईल तेव्हा बंद पडतो. सगळं मिळून तीनशे एक्केचाळीस किलोमीटर आणि नऊ तास. तेही घाटाची मर्जी असेल तर.

म्हणून २०३९ च्या उन्हाळ्यात तेर्ना आली, तेव्हा बेटावरची झाडून सगळी दोनशे सहा माणसं धावपट्टीपाशी जमली. त्यात सगळ्यात पुढे, कुंपणाच्या तारेत जॅकेट अडकवून घेऊन, चैत्राली लोमटे उभी होती. वय पंधरा. आवाज मोठा, आणि तो अलीकडेच सापडल्यामुळे वापर जास्त.

लुंदॉयवर मराठी बोलणारी माणसं दोनच. एक चैत्राली आणि दुसरी तिची आई प्रणिता, बेटाच्या दवाखान्यातली एकुलती एक नर्स. बाबा पुण्यात होते, तो विषय पाच वर्षांपूर्वी फारशी आदळआपट न होता मिटला होता, आणि दर रविवारी ते फोनवर "थंडी किती?" एवढं न चुकता विचारत. बेटावरच्या भाषेत तेर्ना म्हणजे सुरय, टोकदार पंखांचा समुद्रपक्षी. पण आईचं माहेर धाराशिवकडचं, तेरणा नदीच्या काठचं तेर. विमानाच्या पोटावरचं नाव वाचून ती हसतच सुटली. "आमची तेरणा उन्हाळ्यात आटायची," ती म्हणाली, "ही बघ, उन्हाळ्यातच उगवली."

तेर्नाला बारा खुर्च्या होत्या, विजेवर फिरणारे सहा पंखे होते आणि वैमानिक नव्हता. तिची खरी करामत नाकात होती. तिथे एक लेझर बसवला होता, त्याला सगळे नुसतं 'डोळा' म्हणत. हा डोळा पुढच्या हवेत प्रकाशाचे बारीक बारीक ठोके सोडायचा. हवेत धूळ असते, मिठाचे कण असतात, त्यांच्यावर आपटून थोडासा प्रकाश परत यायचा. कण जवळ येत असले तर परतलेल्या प्रकाशाचा रंग एका बाजूला किंचित सरकायचा, लांब जात असले तर दुसऱ्या बाजूला. अँब्युलन्स जवळ येताना भोंगा चिरका ऐकू येतो आणि लांब जाताना जाडा, त्यातलाच हा प्रकार, फक्त प्रकाशाचा. त्यावरून तेर्नाला वीस किलोमीटर पुढचा वारा दिसायचा. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट एखाद्या यंत्राला दिसते, ही कल्पनाच चैत्रालीला इतकी आवडली होती की तिने वर्गात त्यावर तीन वेळा भाषण दिलं. एकदा विचारल्यावर, दोनदा न विचारता.

हवा म्हणजे एकच एक रजई नसते. ती एकावर एक घातलेल्या गोधड्यांसारखी असते आणि प्रत्येक गोधडी आपापल्या वेगाने सरकत असते. तेर्ना त्यातली सोयीची गोधडी निवडून तिच्यातून जायची. तासाला दोनशे साठ किलोमीटर हा तिचा स्वतःचा वेग. म्हणजे वारा अजिबात नसेल तर हेस्तनेस सत्तावीस मिनिटांवर.

नऊ तासांची सत्तावीस मिनिटं झाली म्हटल्यावर जिल्ह्याच्या लोकांना शाळा आठवली.

जिल्ह्याचा एक नियम होता. मुलांना घराजवळच्या विमानतळापासून सरासरी तीस मिनिटांच्या आत दुसऱ्या शाळेत नेता येत असेल, तर वीसपेक्षा कमी मुलांची शाळा चालू ठेवायची नाही. लुंदॉयच्या शाळेत अकरा मुलं होती. दहावीत एकटी चैत्राली, पहिलीत एकटी लिव, आणि मधले नऊजण इकडेतिकडे विखुरलेले. शाळा बंद झाली की सगळी मुलं रोज सकाळी तेर्नाने हेस्तनेसला जाणार आणि चारला परत येणार. तीस मिनिटांच्या आत की बाहेर, हे मात्र मोजून ठरवायचं होतं, आणि विमान विकणाऱ्या कंपनीच्या घड्याळावर विसंबायचं नाही असं जिल्ह्याने आधीच बजावलं होतं. जमिनीवरच्या माणसाने लिहिलेली नोंद हवी.

जमिनीवरचा माणूस म्हणजे ओड्डवार. एकाहत्तर वर्षांचा, चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीचा तांडेल, आणि गुडघे गेल्यापासून धावपट्टीचा राखणदार. तो हेस्तनेसशी वायरलेसवर बोलून प्रत्येक फेरीचं उड्डाण आणि उतरणं एका जाड वहीत लिहायचा. वहीतले आकडे संगणकावर चढवायचं काम कुणीतरी करायला हवं होतं. चैत्रालीने हात वर केला. हात वर करणं ही तिची त्या वर्षीची सवयच झाली होती.

दोनशे चौदा फेऱ्या तिने तीन दुपारांत चढवल्या. शाईने लिहिलेले मिनिटांचे आकडे स्वच्छ, टपोरे होते. समासात कुठे कुठे पेन्सिलीने चार, अकरा, सात असं काहीबाही खरडलेलं होतं, त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. ओड्डवार समासात माशांची चित्रंही काढायचा.

मार्चमध्ये जिल्ह्याचं पत्र आलं. सरासरी साडेसव्वीस मिनिटं. शाळा जूनमध्ये बंद करण्याचा प्रस्ताव आहे, गुरुवारी शाळेच्या व्यायामशाळेत सभा आहे, हरकती असल्यास मांडाव्यात.

आईने पत्र दोनदा वाचलं आणि मग ओट्यावर उभ्या उभ्या येसर आमटीत गरजेपेक्षा जास्त वेळ डाव फिरवला. आनंद झाला की ती असं काहीतरी ढवळायची.

"म्हणजे ऑगस्टपासून तू हेस्तनेसच्या मोठ्या शाळेत जाणार," ती म्हणाली. "अन् चारला घरी."

"चार सत्तावीसला."

"सत्तावीस मिनिटं माफ केली."

या आनंदाचं कारण असं, की बेटावरची मुलं सोळाव्या वर्षी घर सोडतात. दहावीपुढची शाळा बेटावर नाहीच, त्यामुळे हेस्तनेसला खोली घेऊन राहायचं, स्वतः रांधायचं, स्वतः धुवायचं आणि जमेल तेव्हा घरी यायचं. बेटावरच्या लोकांना त्यात काही विशेष वाटत नाही. आई मात्र गेली दोन वर्षं या दिवसाकडे दातदुखीकडे पाहावं तसं पाहत होती. तेर्नाने ती दाढ न उपटता बरी केली होती. आणि चैत्रालीला तर दोन्ही हातांत लाडू: हेस्तनेसची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा, जिथे म्हणे स्वतःचा लेझर होता, आणि संध्याकाळी आईच्या हातची भाकरी.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिने हे सगळं ऐकवलं. वर्ग म्हणजे ती आणि तिची शिक्षिका इंगेबोर्ग. नॉर्वेत शिक्षकांना नावानेच हाक मारतात, आईला ते अजून पचलेलं नव्हतं. घरी ती "तुझ्या इंगेबोर्ग बाई" असंच म्हणे.

"साडेसव्वीस," इंगेबोर्ग म्हणाली. ती सावकाश बोलायची आणि बोलताना खडूचा तुकडा बोटांत फिरवायची. "छान. मग एक गणित सोडव. एकशे अठरा किलोमीटर, वेग दोनशे साठ. आता साठचा वारा घाल. जाताना पाठीमागून, येताना समोरून."

"त्यात काय. जाताना मिळालं, येताना गेलं. फिटंफाट. सत्तावीसच."

"सोडव."

चैत्रालीने सोडवलं. जाताना वेग तीनशे वीस, बावीस मिनिटं. येताना दोनशे, पस्तीस मिनिटं. सरासरी साडेअठ्ठावीस. तिने खोडून परत केलं. साडेअठ्ठावीसच. मग हट्टाने शंभरचा वारा घातला. वीस आणि चव्वेचाळीस. सरासरी बत्तीस.

"हे असं का होतंय?" तिने विचारलं.

"तूच सांग."

ती फळ्याकडे पाहत राहिली आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं. पाठीमागचा वारा मदत करतो, पण तुम्ही लवकर पोचता, म्हणून मदत करायला त्याला वेळ थोडा मिळतो. समोरचा वारा अडवतो आणि तुम्ही रेंगाळता, म्हणून अडवायला त्याला भरपूर वेळ मिळतो. फिटंफाट कधीच होत नाही. जायचं आणि यायचं, तर वारा नेहमी थोडं जास्त घेतो आणि थोडं कमी देतो. हे सुचल्यावर तिला इतका आनंद झाला की पुढचा प्रश्न सुचायला अर्धं मिनिट लागलं.

"मग साडेसव्वीस कसे आले? वारा नसताना सत्तावीस, आणि वारा असताना त्याहून कमी?"

"तुझी तेर्ना वारा निवडते ना."

"निवडते. पण इतकी नाही निवडू शकत. उतरायला तर खालीच यावं लागतं, तिथला वारा घ्यावाच लागतो." ती थांबली. "आकडे मी चढवलेत."

"माहीत आहे," इंगेबोर्ग म्हणाली आणि खडू ठेवून दिला.

त्या दुपारी चैत्रालीने आपलीच यादी उघडली आणि नऊ फेब्रुवारी शोधली. त्या दिवसाच्या फेरीत ती स्वतः बसलेली होती. ओड्डवारची नात लिव, वय सहा, तिला हेस्तनेसला दंतवैद्याकडे न्यायचं होतं आणि सोबत म्हणून चैत्राली गेली होती. हेस्तनेसच्या वर पोचल्यावर खालचा वारा तेर्नाला आवडला नाही. ती समुद्रावर गोल फिरत राहिली. लिवने आधी खिडकीतून बोटी मोजल्या, मग मोजणं सोडलं, मग चैत्रालीच्या लोकरी टोपीत ओकली आणि म्हणाली, "आजोबांना सांगू नकोस." चैत्रालीने आईला दोन निरोप पाठवले होते. "उडालो", नऊ वाजून पाच. "उतरलो. टोपी गेली", नऊ शेहेचाळीस. एक्केचाळीस मिनिटं.

यादीत अठ्ठावीस लिहिलेले होते.

ओड्डवारची खोली धावपट्टीच्या टोकाला होती, आत कॉफीचा आणि ओल्या लोकरीचा वास. त्याने वही काढून दिली. नऊ फेब्रुवारी. शाईने अठ्ठावीस. समासात पेन्सिलीने तेरा.

"हे तेरा काय आहेत?"

"वारा," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"वाऱ्याने घेतलेली मिनिटं."

"मग ती विमानाच्या वेळेत का नाहीत?"

सावलीचं वजन माणसात का धरत नाही, असं कुणी विचारल्यासारखं त्याने तिच्याकडे पाहिलं. "कारण ती विमानाची नाहीत."

मग त्याने दोन कपांत कॉफी ओतली, तिच्या कपात निम्मं दूध घातलं आणि समजावून सांगितलं. लुंदॉयच्या बोटींवर असंच लिहायचे. त्याचा बाप असंच लिहायचा. शाईने बोटीचा वेळ, पेन्सिलीने वाऱ्याचा. दोन तांडेल बंदरावर भेटले की किती वेळात आलास हे विचारायचेच, आणि तेव्हा वाऱ्यात अडकलेला वेळ सांगणं म्हणजे रडणं. वारा समोरून आला हा तांडेलाचा दोष नाही, मग त्याच्या नावावर तो का लावायचा? म्हणून अनुभवाने अंदाज घ्यायचा, आजचा वारा इतक्या मिनिटांचा, आणि तेवढी वजा करून उरलेली शाईने लिहायची. न्यायाची गोष्ट होती ती.

"आणि पाठीमागून वारा आला तर? ती मिनिटं परत घालायची?"

ओड्डवारने विचार केला. "नाही," तो म्हणाला. "तेवढं आपण ठेवून घ्यायचो."

चैत्रालीला हसू आलं आणि लगेच गेलं. "लिव त्या दिवशी आत बसली होती. तेरा मिनिटं ती कुणाच्या वेळेत ओकली?"

म्हाताऱ्याने वही जवळ ओढून समासातला तेराचा आकडा पुन्हा वाचला. कॉफीवर साय धरली. "मला सांगितलं नाही तिने," तो म्हणाला. आणि मग, "मला कुणी विचारलं नाही, पोरी, की वहीत पेन्सिल कशाची आहे."

"मी विचारायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. चिडून नाही, नुसतंच.

तिथेच बसून दोघांनी पेन्सिलीचे आकडे मिळवले. तो वाचत गेला, ती लिहीत गेली. एक हजार तीनशे एक्क्याण्णव मिनिटं. दोनशे चौदा फेऱ्यांत मिळून जवळजवळ एक अख्खा दिवस ही माणसं वाऱ्यात अडकलेली होती आणि तो दिवस कुठेच लिहिलेला नव्हता. तो धरला की सरासरी साडेसव्वीसवरून तेहेतीसवर जात होती. नियम तिसाचा होता.

आता खरं सांगायचं तर चैत्रालीने लगेच धावत जाऊन कुणालाही काही सांगितलं नाही. दोन दिवस ती गप्प होती, आणि ती गप्प असणं ही बेटावर बातमी होती. तिच्या डोक्यात एक वकील बसला होता आणि तो चांगला बोलत होता. चूक काही तू मुद्दाम केली नाहीस. सहा मिनिटांनी काय होतं. अकरा मुलांच्या शाळेत असतं तरी काय, एक फळा आणि एक गळका नळ. तू सांगितलंस तर शाळेची सकाळची फेरी रद्द, आणि मग ऑगस्टमध्ये खोली, स्टोव्ह आणि रात्रीचं एकटीचं जेवण. आणि आई? वकील दर वेळी इथे येऊन थांबायचा आणि तिच्याकडे पाहायचा.

बुधवारी शाळा सुटल्यावर तिने इंगेबोर्गला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"शंका होती."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर लोक म्हणाले असते, नोकरी वाचवतेय." इंगेबोर्गने कोट चढवला. "आणि त्यांचं अगदीच चुकलं नसतं. मला माझी नोकरी आवडते."

घरी आई ज्वारीच्या पिठाचं पाकीट उघडत होती. दोन महिन्यांनी बोटीतून आलं होतं. चैत्रालीने सगळं सांगितलं: गणित, टोपी, पेन्सिल, तेहेतीस. आईने पीठ परातीत घेतलं, पाणी घेतलं, आणि मळायला सुरुवात केलीच नाही.

"तुझ्या ध्यानात येतंय का, तू काय बोलायलीस?" ती म्हणाली.

"येतंय गं."

"नाही येत. मी अकरावीला लातूरला राहिले. तेरवरनं निघाले तेव्हा तुझ्याएवढीच. सगळे म्हणायचे, पोरीचं कल्याण झालं. पहिला महिना मी रोज संध्याकाळी पुस्तक उघडून बसायची अन् पान उलटायची नाही. घरमालकीण म्हणायची, किती अभ्यास करतीय बघा." तिने हातावरचं पीठ झटकलं. "मला ते तुझ्या वाट्याला नको होतं. एवढंच."

"मग नको सांगू?"

"मी असं म्हणाले का?"

"तू काहीच म्हणत नाहीयेस."

"मग नाही म्हणत. वही तू उतरवलीस, तू ठरव. मला विचारलंस तर मी आई म्हणून सांगीन, अन् ते काही खरं उत्तर नसतं." मग ती मळायला लागली, अशा जोराने की परात ओट्यावर सरकत सरकत कडेला गेली. त्या दिवशीच्या भाकऱ्या फार मऊ झाल्या.

गुरुवारी सभा दुपारी तीनला होती. व्यायामशाळेतल्या बाकांवर सगळं बेट बसलं होतं. जिल्ह्याकडून सिसेल नावाच्या बाई आल्या होत्या, त्याच दिवशीच्या तेर्नाने, आणि बावीस मिनिटांत पोचल्या म्हणून खूश होत्या. वारा पाठीमागून होता. त्यांनी पडद्यावर आकडे दाखवले, आणि कुणाला काही म्हणायचं आहे का असं विचारलं.

चैत्रालीने हात वर केला. या खेपेला हात जड होता.

"ही सरासरी चुकीची आहे," ती म्हणाली. "ती मी काढली." आणि मग तिने सांगितलं. सुरुवातीला आवाज इतका लहान येत होता की मागून कुणीतरी म्हणालं, "आज काय झालं हिला, ऐकू येईना." लोक हसले, आणि त्या हसण्याने तिचा आवाज परत जागेवर आला. तिने फळ्यावर बावीस आणि पस्तीस मांडून दाखवले. ओड्डवार उठून उभा राहिला, वही उघडून धरली आणि म्हणाला, "पेन्सिल माझी आहे. पोरीला कुणी सांगितलं नव्हतं." मागच्या बाकांवरचे चार-पाच म्हातारे मान हलवत होते. त्यांच्यासाठी यात समजावण्यासारखं काही नव्हतंच, पेन्सिलीचा वेळ धरायचा नसतो हे कुणालाही माहीत असतं.

सिसेलबाई वाईट नव्हत्या. त्यांनी वही नीट पाहिली. "मला पटतंय," त्या म्हणाल्या. "पण अडचण समजून घे. हे अंदाजाने वजा केलेले आकडे आहेत. अंदाज परत मिळवून जी बेरीज येते, तिच्यावर मी निर्णय कसा फिरवू? घड्याळ बघून लिहिलेली दुसरी काही नोंद आहे का?"

नव्हती. चैत्रालीला तेवढा विचार सुचलाच नव्हता. तिच्याकडे दोन निरोप होते आणि एक गेलेली टोपी.

"आहे," कुणीतरी म्हणालं.

आई उभी होती. तिच्या हातात दवाखान्याचं निळं रजिस्टर होतं. ते ती घरून निघतानाच घेऊन आली होती हे चैत्रालीच्या आत्ता लक्षात आलं. सकाळपासून तिच्या काखेत काहीतरी होतं आणि चैत्राली स्वतःच्या भाषणात इतकी बुडालेली होती की तिने विचारलंही नाही.

"या वर्षात मी तेर्नातून एकोणीस पेशंट हेस्तनेसला नेले, अन् तेवढ्याच वेळा परत आले," आई म्हणाली. तिची नॉर्वेजियन व्यवस्थित होती, फक्त घाबरली की वाक्यं तुटक व्हायची. "सलाईन लावलेलं असतं. ते किती थेंबांनी सोडायचं, ते वेळेवर ठरतं. म्हणून उडाल्याचं मिनिट लिहिते. टेकल्याचं लिहिते. येताना पण, सवयीनं. घड्याळ बघून. अंदाज नाही." तिने रजिस्टर टेबलावर ठेवलं. "अडतीस फेऱ्या. सरासरी मी काल काढली. चौतीस."

सिसेलबाईंनी पानं उलटली. आई जागेवर परत बसली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. चैत्राली तिच्याकडे पाहत होती. काल, ती म्हणाली होती. म्हणजे भाकऱ्यांनंतर.

निर्णय एप्रिलच्या शेवटी आला. सहा ते सोळा वयाच्या मुलांसाठी प्रवास मर्यादेबाहेर. लुंदॉयची शाळा चालू राहील, पाच वर्षांनी पुन्हा पाहू. शाळेची सकाळची फेरी रद्द. तेर्ना पूर्वीसारखी हेस्तनेसहून दहाला आणि तीनला. लिवला हे कळलं तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं, की मग दंतवैद्याकडे पण नाही ना जायचं.

ऑगस्टमध्ये आई चैत्रालीला सोडायला हेस्तनेसला आली. खोली एका निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर होती. आईने कडी तीन वेळा लावून पाहिली, स्टोव्हची चारही बटणं फिरवली, गादी उचलून खाली बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी धावपट्टीवर आल्या. तिची सुट्टी तेवढीच होती. नऊ वाजून पन्नासला त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. आईने दशम्या बांधून आणल्या होत्या, त्या खरं म्हणजे चैत्रालीसाठी होत्या, पण आईने स्वतःच पुडकं सोडलं.

दहाला पाटीवर अक्षरं उमटली. वारा. उड्डाणास उशीर.

"किती?" आईने विचारलं.

"लिहिलं नाही."

"बरं."

दोघी दशमी खात बसल्या. शेंगदाण्याची चटणी होती. समुद्राकडून वारा येत होता आणि कागदाचं टोक फडफडत होतं, ते आईने अंगठ्याने दाबून धरलं. त्यांनी काही मोठं बोलणं काढलं नाही. मोजे कुठे ठेवलेत, इंगेबोर्ग बाईंना पत्र लिही, प्रयोगशाळेतला लेझर डोळ्यात घालून घेऊ नकोस. मग आईने सिसेलबाईंची नक्कल केली, ती इतकी जमली की चैत्रालीला ठसका लागला. तिला पाणी देता देता आई स्वतःच हसत सुटली. मध्ये केव्हातरी साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. दोघींपैकी कुणी घड्याळ पाहिलं नाही.

अकराला पाटी बदलली. दारातल्या मुलीने हात करून बोलावलं, लुंदॉयचे प्रवासी, चला.

आई उठली नाही. तिने मांडीवरचे तुकडे झटकले, उरलेल्या दोन दशम्या कागदात नीट गुंडाळल्या आणि त्या मुलीकडे पाहून म्हणाली, "ही जाऊ दे. मी तीनची घेते."